तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिटॅमिन डी वाढलं की सांधे बरे होतील का?

वेंगुर्ल्याच्या बाजूला प्रॅक्टिस करतो, त्यामुळे हा प्रश्न मालवणीतच येतो. रिपोर्टाची घडी उलगडत कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, आमचो जलम उनात गेलो, मगे डी कमी कसां? आणि ह्यां वाढलां की सांधे बरे होतले मां?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ऊन गावात असून भागत नाही, ते कातडीला लागावं लागतं. काजूच्या कारखान्यात बाया सकाळी आत शिरतात त्या संध्याकाळीच बाहेर पडतात. बागेतल्या गड्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल. पावसाळ्यात तर महिनोन् महिने आभाळ भरलेलं. शिवाय डी तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे येतात. कातडी सावळी असली की वेळ आणखी लागतो. बांगडा-तारलीत डी असतं, पण मोठी तूट नुसत्या माशांनी भरून निघणं कठीण.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र बसून बोलावं लागतं. परवा काजू सोलणारी एक बाई आली. चिकाने काळवंडलेली बोटं, मधल्या पेरांना सूज, सकाळी तासभर मूठ वळत नाही. डी 14, म्हणजे कमी; अंगातली सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं. शेजारणीने सांगितलेलं, संधिवाताच्या गोळ्या सोड, डीची पुडी घे.

शेजारीण अगदीच चुकीची नाही, पंचाईत तिथेच आहे. कातडीत किंवा पोटातून आलेलं डी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाचं होतं. ते पेशीतल्या व्हिटॅमिन डी रिसेप्टरला, म्हणजे डी ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि ही जोडी थेट डीएनएवर बसून काही जीन्स चालू करते, काही बंद. हा रिसेप्टर फक्त हाडांशी, आतड्याशी संबंधित असता तर गोष्ट कॅल्शियमवर संपली असती. पण तो रोगप्रतिकारक पेशींतही असतो. 2006 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की माणसाच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, हा रिसेप्टर वाढवतात, डी स्वतःच कामाचं करून घेतात आणि कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. दुसऱ्या बाजूने हाच रिसेप्टर सूज भडकवणाऱ्या टी पेशींना आवर घालतो. म्हणजे डी जंतूंशी लढायला मदत करतं आणि लढाई हाताबाहेर जाऊ देत नाही. मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

मग डी दिलं की संधिवात जाईल? इथे आकडा फसवतो. अंगात सूज असली की रक्तातलं डी आपणहून उतरतं. गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच ते खाली गेलेलं दिसतं. त्या बाईचं 14 हे तिच्या आजाराचं कारण असेल, परिणामही असेल, किंवा कारखान्यातल्या दिवसांचा हिशेबही. अमेरिकेत 25,871 लोकांवर झालेल्या व्हायटल चाचणीत रोज 2000 युनिट डी घेणाऱ्यांत साधारण पाच वर्षांत नवे ऑटोइम्यून आजार, म्हणजे तिच्या संधिवातासारखे, प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते असे, सुमारे 22 टक्के कमी आढळले. कर्करोग किंवा हार्ट अटॅक होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. आणि त्या 22 टक्क्यांतही गोष्ट आजार होऊ नये याची आहे, झालेला बरा करण्याची नाही.

तिला मी दोन्ही दिलं: मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी चालू आणि डीची 60,000 युनिटची पुडी. दोन्ही आठवड्यातून एकदाच, म्हणून घोटाळ्याला जागा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. पुडी रोज महिनाभर घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या सुरू होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. त्यामुळे पाकिटावर मीच पेनाने लिहिलं: गोळी सोमवारी, पुडी गुरुवारी, जेवणानंतर दुधातून. आठ आठवडे झाले की पुडी बंद, पुढे काय ते मी सांगेन. गोळी आणि तिच्या रक्ततपासण्या मात्र चालूच. "म्हणजे पुडी सुटतली, गोळी नाय?" असं तिने दोनदा विचारून घेतलं.