चित्रं सोडून घागरी का मांडता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "चित्रं चांगली काढत होतात की, मग हॉलभर घागरी मांडून त्यांच्यात तासन्‌तास उभं काय राहता?" लातुरात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटलेलं, नळ बंद. भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. पाचाहून जास्त माणसांनी एकत्र थांबायचं नाही. मग माणसांच्या जागी प्लास्टिकच्या घागरी थांबल्या. रात्रीपासून नंबर धरून. एकीच्या गळ्याला लुगड्याची चिंधी, दुसरीवर ऑइलपेंटनं आडनाव, तिसरीचं बूड तापल्या उलथन्यानं डागून बुजवलेलं. चिंधी बघून गल्लीतलं पोरगंही सांगायचं, कुणाची घागर कितवी आहे.

मी कागद घेऊन बसले. तीन कागद फाडले. घागर उमटत होती, पण तिनं धरलेली जागा उमटत नव्हती. कॉलेजात शिकले होते की बंगळुरूच्या चित्रकार शीला गौडांनी नव्वदच्या दशकात तैलरंग बाजूला ठेवून कलेसाठी शेण हाताळलं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. त्या रांगेसमोर कळलं, कधीकधी ती वस्तूच आणावी लागते.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे कॅमेरे स्टेशनवर. गल्लीतली रांग तशीच होती, आणि मला तीच जपून ठेवायची होती.

पण भर उन्हाळ्यात घागर मागायची कुणाकडे? शेवटी पाऊस पडल्यावर घरोघरी गेले. नवी घागर द्यायची, जुनी घ्यायची. त्याच मांडते. शेवटची उचलून पुढं, मग पुन्हा शेवटची, दिवसभर. बोलत नाही. पाठ भरून येते, ती येऊ देते. हेच माझं काम. पोटाचं म्हणाल तर शाळेत तासिका घेते. घागरी मी विकत नाही.

पहिल्यांदा लातुरातच मांडल्या तेव्हा शेजारच्या काकू आल्या. चिंधीवाली घागर त्यांची. माझ्याशी न बोलता तिच्याजवळ गेल्या, पायानं हळूच एक घर पुढं सरकवली आणि पदर खोचून तिथंच उभ्या राहिल्या.