पिल्लाचे लसीकरण समजून घेताना

आमच्या देशी पिल्लाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा तीच लस काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा का द्यायची, हा प्रश्न मी पशुवैद्यांना विचारला, आणि त्यांच्या उत्तरामुळे सगळे वेळापत्रकच मला उमगले. जन्मल्याबरोबर आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात. ती पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या घातक विषाणूजन्य रोगांपासून त्याचे रक्षण करतात, परंतु तीच लसीतील विषाणूलाही निष्प्रभ करत असल्यामुळे लस लागू पडत नाही. ही प्रतिपिंडे केव्हा ओसरतील, हे एकाच वेतातल्या भावंडांतही वेगवेगळे असते. म्हणून 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावरच देतात. पिल्लू धडधाकट दिसते म्हणून अनेक जण नेमका हाच डोस टाळतात, याची मला फार काळजी वाटते.

पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे डोस पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याला खाली न सोडता कडेवर घेऊनच रस्ता, माणसे आणि वाहने दाखवली.

रेबीजची लस त्याला तीन महिने पूर्ण झाल्यावर मिळाली. पुणे महापालिकेच्या श्वान परवान्यासाठी तिचे प्रमाणपत्र लागते, म्हणून लसीकरण पुस्तिकेत कुपीवरचे लेबल, पशुवैद्यांची सही आणि शिक्का आहे ना, हे मी तिथल्या तिथे पाहून घेतले.

वार्षिक डोसाबद्दल मात्र प्रत्येकाने नीट विचारून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. डब्ल्यूएसएव्हीए या जागतिक पशुवैद्यकीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पिल्लूपणीचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर पूर्ण झाल्यावर पार्व्हो-डिस्टेंपरची लस तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने देण्याची गरज नसते. लेप्टोस्पायरोसिसचे तसे नाही. हा जिवाणूजन्य रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, तो माणसांनाही होतो आणि त्याच्या लसीचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते. आपल्याकडे पावसाळ्यात जागोजागी पाणी साचत असल्याने पशुवैद्यांशी बोलून आम्ही लेप्टोचा वार्षिक डोस मे महिन्यातच द्यायचे ठरवले आहे.