तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी आणि तबला

कार्यक्रम संपल्यावर मी तबला-डग्गा गवसणीत घालत असते, तेव्हा कोणीतरी जवळ येते, कौतुकाचे दोन शब्द बोलते आणि विचारते, "पूर्णवेळ नोकरी करून हे सगळे कसे जमवता?" मी दिवसा एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेस सांभाळते आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी मानधन घेऊन तबल्याची साथ करते. विचारणाऱ्याला बहुधा माझे वेळापत्रक हवे असते. पण वेळ हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते एका कामाची सबब दुसऱ्या कामाला न सांगणे, आणि ते मी चारचौघांत चुकून शिकले.

त्या आठवड्यात ऑन-कॉलची पाळी माझी होती. डेटाबेस अडला तर फोन मलाच येणार हे ठाऊक असूनही, कार्यक्रम दोनच तासांचा, तेवढ्यात काय होणार, अशा हिशेबाने मी पाळी बदलून घेतली नाही. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडी मारून सूर मिळवत असताना फोन थरथरला : लॉग, म्हणजे डेटाबेस स्वतः ठेवतो त्या बदलांच्या नोंदी, साठून डिस्क भरली होती आणि नव्या नोंदी थांबल्या होत्या. कोणत्या फाइली हलवायच्या ते मी सहकाऱ्याला घाईघाईने सांगितले, फोन बंद केला आणि मंचावर जाऊन बसले.

गायकाने विलंबित एकतालातला ख्याल सुरू केला. त्या लयीत बारा मात्रांच्या एका आवर्तनाला जवळजवळ मिनिटभर लागत होते, म्हणजे मनाला भरकटायला भरपूर सवड. एकतालाच्या ठेक्यात, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या ठरलेल्या बोलांत, 'धागे तिरकिट' दोनदा येते. पहिल्यानंतर 'तू ना' वाजते, दुसऱ्यानंतर 'धिं ना' आणि मग सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. हलवायला सांगितलेल्या फाइलींत चालू लॉगची फाइल तर नव्हती ना, ही शंका आली तेव्हा मी दुसऱ्या 'धागे तिरकिट'वर होते आणि हात 'तू ना'कडे वळला. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर आला, तर तिथे सम नव्हतीच. त्यांनी हाताने सम दाखवली, मी ठेका सावरला. श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. मध्यंतरात मी कामाची अडचण सांगू लागले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग आज यायचं नव्हतं."

तेव्हापासून कार्यक्रमाची तारीख ठरली की आयोजकाला होकार कळवण्याआधी मी पाळी बदलून घेते, आणि मोबदल्यात इतरांना नको असलेले आठवडे पत्करते. कार्यक्रमाच्या दिवशी अर्धी रजा टाकते. त्या दिवशी कोणताही बदल डेटाबेसवर चढवत नाही.

अशा दुहेरी जगण्याचे उदाहरण म्हणून मला बोरोदिन यांचे नाव ऐकवले जाते. अलेक्झांडर बोरोदिन (१८३३–१८८७) हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि थोर संगीतरचनाकार, हे खरेच. परंतु १८६९ मध्ये हाती घेतलेला 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा त्यांच्या मृत्यूपर्यंत अपुराच राहिला आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह या रचनाकारांनी तो पुरा केल्यावर १८९० मध्ये रंगमंचावर आला, हे सांगणारा सहसा विसरतो. शिवाय रचनाकाराला काम पुढे ढकलता येते. साथीदाराचे काम आज संध्याकाळीच असते.

रियाजाबद्दल थोडे. कीबोर्ड आणि तबला या दोघांचा भार त्याच बोटांवर आणि त्याच मनगटांवर पडतो, म्हणून दिवसभर टंकन केल्यावर रात्री तयारीचे, म्हणजे जलद लयीतले, बोल वाजवण्याचा हट्ट मी सोडला. सकाळी कामाला बसण्यापूर्वी पन्नास मिनिटे, त्यातली पहिली वीस एकाच कायद्याला (विस्तार करत वाजवायच्या बोलरचनेला), ठाय म्हणजे संथ लयीत. मनगटात मुंग्या आल्या की तेवढ्यावर थांबते.

कागदपत्रांचा विषय रूक्ष असला तरी टाळू नये. माझ्या नेमणूकपत्रात लेखी परवानगीवाचून दुसरे अर्थार्जन करता येणार नाही, असे कलम होते. मी परवानगी मागितली आणि ती मिळाली. तुम्ही स्वतः रचना करत असाल, तर नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीवर हक्क कोणाचा, हे कलम सहीपूर्वी दोनदा वाचा.

मानधनाविषयी मात्र मी हट्टी आहे. "तुम्हाला काय, पगार आहेच," असे म्हणणाऱ्या आयोजकाला मी दर कमी करून देत नाही. माझ्या पगाराच्या जोरावर मी स्वस्तात वाजवू लागले, तर सवलत आयोजकाला मिळते आणि तिची झळ मात्र निव्वळ तबल्यावर घर चालवणाऱ्या वादकाला बसते. कबूल करते, सुरुवातीची दोन वर्षे मी नेमके हेच करत होते आणि त्याला नम्रता समजत होते. पगाराचा संगीताला खरा उपयोग नकार देण्यापुरता आहे : तालमीशिवायचा कार्यक्रम, ध्वनियोजनेची हेळसांड करणारे सभागृह, शेवटच्या क्षणी आलेले बोलावणे, हे सगळे मी हप्त्यांची चिंता न करता नाकारू शकते.

पुढच्या महिन्यात माझे तीन कार्यक्रम आहेत. त्यातल्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या आठवड्यात पाळी माझी होती, ती काल बदलून घेतली; तिच्या बदल्यात वर्षअखेरीचा आठवडा माझ्याकडे आला आहे, आणि त्या आठवड्यातले एक चांगले निमंत्रण आज सकाळी फोन करून नाकारले.