पांढऱ्या केसांचं जोडपं नको

जाहिरातींचा मजकूर लिहिणं हे माझं काम. ज्येष्ठांसाठीची वस्तू किंवा सेवा असली की क्लायंटकडून फोटो ठरलेलाच येतो: बाकावर पांढऱ्या केसांचं जोडपं, समोर सूर्यास्त. तो मी आधी बाजूला काढते. सत्तरीतली बहुतेक माणसं स्वतःला म्हातारी समजतच नाहीत. म्हातारं म्हणजे आपल्याहून दहा वर्षांनी मोठं कुणीतरी!

ऑक्सो या अमेरिकी कंपनीची 'गुड ग्रिप्स' ही भाज्यांची सालं काढायची सोलाणी घ्या. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधी सोलाणी धरवेना, त्यावरून जाड, मऊ मुठीची कल्पना निघाली. १९९० साली ती बाजारात आली, पण आजारी हातांसाठी म्हणून नव्हे, सगळ्यांसाठी. म्हणून चालली.

माझी खरी भांडणं होतात ती डिझायनरशी. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं त्याला 'क्लासी' वाटतात. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आत प्रकाश कमी जातो, निळा-हिरवा फरक पुसट होतो. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) तरी हवा, हा सर्वमान्य निकष आहे. तो पाळला की तिशीतल्यांनाही उन्हात फोन वाचता येतो, हे त्याला पटायला वेळ लागतो.

आणि 'सदस्यत्व घ्या' हे बटण ठसठशीत, 'रद्द करा' मात्र तळाशी बारीक? असलं काम मी घेत नाही.