तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखातल्या एका इस्पितळात मी डॉक्टर आहे. त्या दिवशी वॉर्डात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. कॅन्सर यकृतात पसरला होता. श्वास थांबला तर नळी घालायची का, छाती दाबायची का, हे विचारून लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

परंपरा पाळणारे नवाहो मानतात की बोललेलं घडतं. डॉक्टर 'तुम्ही वाचणार नाही' म्हणाला, तर त्यानेच मरण ओढवून आणलं. १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात यावरचा अभ्यास छापून आला, त्यातही लोकांनी डॉक्टरांना वाईट बोलू नका असंच सांगितलं होतं. 'अभद्र बोलू नको, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो' हे ऐकत वाढलेल्या मला ते पटायला वेळ लागला नाही.

दुभाषीबाईंशी आधी बोलून घेतलं आणि आजींना तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगितली. "असाच आजार झालेली एक बाई असते. औषधं तिला लागू पडत नाहीत. कुणी म्हणतं यंत्र लावा, कुणी म्हणतं निवांत राहू द्या. तिच्या माणसांनी काय करावं?"

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती बाई दमली असेल. तिला टोचू नका."

मी तसं नोंदवलं.

दुपारी फिनिक्सहून नातू आला. आजीला घरी नेऊ म्हणाला. आजींची लेक ठामपणे 'नाही' म्हणाली. शेवटच्या श्वासाबरोबर माणसातलं जे काही बिघडलेलं असतं ते मागे उरतं, अशी समजूत आहे. त्याला 'चिंडी' म्हणतात. ते जागेला आणि वस्तूंना चिकटतं, जिवंतांना आजारी पाडतं. होगान म्हणजे त्यांचं लाकूड-मातीचं घर, दार पूर्वेला. आत कुणी वारलं तर उत्तरेची भिंत फोडून देह काढत आणि घर कायमचं सोडून देत, कधी जाळून टाकत. म्हणून शेवट जवळ आला की माणसाला आधीच बाहेर फांद्यांच्या आडोशाला नेत. आता तो आडोसा म्हणजे इस्पितळ. आम्हा डॉक्टरांना घरच्या अंथरुणावरचं मरण चांगलं वाटतं, पण इथे ते घरावर लादू नये असं माझं ठाम मत झालंय. अर्थात बरेच नवाहो ख्रिस्ती आहेत, त्यांचं वेगळं असू शकतं. आधी विचारावं.

आजी संध्याकाळी गेल्या. नवाहो नर्सला मी देहाजवळ बोलावलं नाही. मी आणि फिलिपिनो नर्सने सगळं केलं. निळसर पिरोजा खड्यांचे दागिने अंगावरच ठेवले, ते त्यांच्याबरोबर पुरायचे होते. चार दिवस दुखवट्याचे, त्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. १९९३ साली हंताव्हायरसच्या साथीत इथली तरुण माणसं गेली, तेव्हा बातमीदार त्याच दिवसांत नावं विचारत दारोदार फिरले. लोकांना ते फार लागलं होतं. मी सांत्वनाचा फोन केला नाही.

खोलीत ज्युनिपर झाडाची धुरी द्यायला पारंपरिक वैद्य सकाळी येणार होते. रात्रभर खाट मागणारे फोन येत राहिले. धुरी झाल्याशिवाय खोली मिळणार नाही म्हणून सांगितलं, आणि दिली नाही.