वाकळीचा दोरा

सोमवार, रात्री साडेअकरा

काल रविवार, म्हणजे घरात मटण आलंच. जेवणं झाल्यावर सगळी हाडकं मी स्वतः गोळा करून बादलीत टाकली आणि झाकणावर वरवंटा ठेवला. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या टोकदार चिपा निघतात, त्या आतड्यात रुततात, हे आमचा कुत्रा बंड्या आल्यापासून घरादाराला ऐकवत आलोय. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यावरून माझी टिंगलही होते. आणि बंड्यानं गिळलं काय, तर आईच्या वाकळीचा दोरा.

रात्री दोनदा ओकला. मला वाटलं, ऊन बाधलं असेल. सकाळी रंकाळ्यावर नेला तेव्हा शेपटीखाली पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. शेजारचे काका सोबत होते. "ओढ की लेका, सरळ निघून येतंय." माझा हात गेलाही होता. बंड्या कळवळून खाली बसला म्हणून थांबलो, अक्कल होती म्हणून नव्हे. फोनवर मावशीनं मीठपाणी पाजायला सांगितलं. डॉक्टरांनी तेही बरं झालं पाजलं नाही म्हणून सांगितलं. जास्त मीठ कुत्र्याला विषासारखंच.

दोऱ्याचं एक टोक पोटात कुठंतरी अडकून बसतं. आतडं मात्र पुढं ढकलायचं काम सोडत नाही, मग तेच दोऱ्यावर गोळा होत जातं. "पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात ना, तसं," डॉक्टर म्हणाले. त्यात आपण खालून हिसका दिला, की ताणलेला दोरा आतडं आतून कापतो. एक्स-रेत सुई दिसली असती, ती नव्हती. दोरा एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत चुण्या दिसल्या आणि दुपारी ऑपरेशन. एका चिरेतून सगळा दोरा ओढता येत नाही, म्हणून जठर उघडलं आणि आतडं दोन ठिकाणी. निघालेला दोरा कापसावर ठेवून दाखवला. माझ्या हातभर लांब, त्याला पिवळट बुळबुळीत काहीतरी.

संध्याकाळी आईनं सुयांची डबी पालथी घालून तीनदा मोजली. सगळ्या होत्या, तरी चौथ्यांदा मोजली. मी काही बोललो नाही. काल दुपारी ती शिवत असताना बंड्या तिच्या पायाशीच लोळत होता आणि मी समोर बसून हाडकांवर भाषण देत होतो.

बंड्या आज दवाखान्यातच आहे. उद्या भेटायला जाताना अर्धी झालेली वाकळ घेऊन जाऊ म्हणते, फरशी गार असते तिथली. फक्त आधी लोंबणारी टोकं कापून टाक म्हणाली. ती कापत बसलोय.