सोनं नसलेला पार्झिफाल

जर्मन मध्ययुगातली चित्रं म्हटलं की सगळे मानेस्से संग्रह हे गीतांचं हस्तलिखितच दाखवतात. झुरिकमध्ये तयार झालेला, १३७ कवींची पानभर चित्रं, लखलखीत रंग. देखणाच आहे, प्रश्नच नाही. पण मी शालेय पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतो, आणि माझा जीव हायडेलबर्गच्या त्याच विद्यापीठ ग्रंथालयातल्या दुसऱ्या एका हस्तलिखितात अडकलाय. मध्ययुगीन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखचा ‘पार्झिफाल’ (ग्रेल या पवित्र वस्तूच्या शोधातल्या शूरवीराचं काव्य), साधारण १४४३ ते १४४६ मधला, ६४ चित्रांचा. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात रोमला गेला, १८१६ मध्ये परतला, आता घरबसल्या फुकट बघता येतो.

तो आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सासमधल्या हागेनाऊच्या डीबोल्ट लाउबरच्या कारखान्यातला. हो, कारखानाच म्हणायचा. लाउबर लेखनिक, मुलांनाही शिकवायचा, आणि आपल्याकडे कोणकोणती सचित्र पुस्तकं मिळतील याची चक्क जाहिरात करायचा. सोनं नाही, चर्मपत्र नाही, साधा कागद. वर लाल शाईत मथळा, खाली बोरूची रेघ आणि पातळ रंग. चौकट नाही, पायाखाली हिरवा पट्टा मारला की झालं जंगल. चेहरे सगळे एकाच साच्यातले. अभ्यासक याला घाईचं काम म्हणतात. असेलही! पण ६४ चित्रं वेळेत द्यायची असली की हात काय काय गाळतो ते मला ठाऊक आहे. हे लोक नेमकं गाळतात. कोण कुणाकडे वळलंय, हात कुठे दाखवतोय, एवढं राहतं आणि गोष्ट पळते.

चित्रकाराची खरी परीक्षा फाइरेफिझ काढताना. पार्झिफालचा सावत्र भाऊ. बाप गोरा, आई काव्यातल्या झाझामांक देशाची काळी राणी बेलाकाने, म्हणून हा काळापांढरा. शेवटी तो ग्रेल वाहणाऱ्या राजकन्येशी लग्न करून थेट हिंदुस्थानात येतो, आणि त्यांचा मुलगा म्हणे प्रेस्टर जॉन, पूर्वेकडचा तो दंतकथेतला ख्रिस्ती राजा! तेराव्या शतकातल्या म्युनिकच्या पार्झिफालमध्ये चित्रकाराने त्याच्या अंगावर सरळ ठिपके काढलेत. वोल्फ्रामने मात्र त्याच्या कातडीला दोन उपमा दिल्यात: एक काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याची, दुसरी लिहिलेल्या चर्मपत्राची.

मला कुणी हे काम दिलं तर मी दुसरी धरेन. गालांवर ठिपके नकोत, बारीक अक्षरांच्या ओळी. वेळ मात्र जास्त लागेल, आणि प्रकाशक पैसे तेवढेच देईल.